पल्सारवर जाहीर व्याख्यान देताना

विज्ञान दिनाच्या आसपास ग्रंथालयांत, शाळांत खगोलशास्त्रावरची व्याख्यानं होतात आणि त्यांतली बरीचशी अवाढव्य आकड्यांखाली दबून जातात. पल्सार, म्हणजे ज्यांच्याकडून ठरावीक वेळाने रेडिओ ठोके येतात असे तारे, हा विषय घेतला असेल तर एकच प्रश्न धरावा: हे ठोके फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचेच, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या आकसून अतिशय घट्ट झालेल्या गाभ्याचेच, हे कशावरून? कृष्णविवरं बाजूला ठेवा. प्रश्नोत्तरांत ती येतातच.

संयोजक "एक तास" म्हणतात तेव्हा दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार आणि आभार त्याच तासात असतात. म्हणून बोलणं ३० मिनिटांचंच बसवावं, प्रश्नांना १० मिनिटं राखावीत.

सुरुवात आवाजाने करा. पल्सारच्या संकेतांचे ध्वनीत रूपांतर केलेले नमुने इंटरनेटवर मिळतात. आधी बी०३२९+५४ हा पल्सार ऐकवा: मिनिटाला साधारण ८४ ठोके. श्रोत्यांना स्वतःची नाडी धरायला सांगितलं की सभागृह लगेच शांत होतं. मग वेला पल्सार, सेकंदाला ११. मग क्रॅब पल्सार, सेकंदाला ३०; इथे ठोके सुटे ऐकू न येता नुसती घरघर होते. दुर्बीण आवाज ऐकत नाही, रेडिओ लहरींच्या चढउताराचा आपण आवाज केला आहे, हे तिथल्या तिथे सांगा. नाहीतर अवकाशातून आवाज येतो असं समजून लोक घरी जातात.

इथे हमखास घोटाळा होतो. एचडीएमआय केबल लावली की लॅपटॉपचा आवाज बहुधा प्रोजेक्टरकडे वळतो आणि त्याचा स्पीकर अगदीच किरकोळ असतो. सेटिंगमध्ये आवाज पुन्हा हेडफोनच्या खाचेकडे वळवून सभागृहाच्या ध्वनियंत्रणेला जोडा. केबल स्वतःची न्या आणि अर्धा तास आधी वाजवून बघा.

आता गाभा. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला. त्याचे ठोके १.३३ सेकंदांनी येत होते. पल्सार म्हणजे श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला तारा, असू शकेल का? याचं उत्तर स्लाइडवर नको, फळ्यावर काढा. श्वेतबटू साधारण पृथ्वीएवढा, म्हणजे परीघ ४०,००० किमी. क्रॅबसारखा सेकंदाला ३० वेळा फिरला तर विषुववृत्तावरचा वेग किती? गुणाकार श्रोत्यांकडूनच करून घ्या: १२ लाख किमी प्रतिसेकंद. प्रकाशाचा वेग ३ लाख! असा तारा त्याच्या कितीतरी आधीच विस्कटून जाईल. आता २० किमी व्यासाचा न्यूट्रॉन तारा घ्या: परीघ सुमारे ६३ किमी, वेग सुमारे १,९०० किमी प्रतिसेकंद. हे जमतं. या दोन गुणाकारांसाठी सलग पाच मिनिटं द्या, घाई करू नका.

तारा आकसला की जोरात का फिरतो, हे फिरत्या खुर्चीवर दाखवता येतं. स्वयंसेवकाच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एकेक लिटरची बाटली द्या. हात पसरून हळू गिरकी, मग हात छातीशी. खुर्चीला चाकं असतील तर ती घरंगळते, त्यामुळे पायाला विटा लावाव्या. ओढणी किंवा पदर आवरून घ्यायला सांगा, आणि थांबल्यावर लगेच उठू देऊ नका, भोवळ येते.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा एक फोटो पुरे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. नारायणगाव परिसरातल्या श्रोत्यांना तर तेवढंही दाखवायची गरज नाही.

प्रश्न आला की तो आधी माईकवर पुन्हा सांगा, मागच्या रांगांना ऐकू गेलेला नसतो. प्रश्नाचं भाषण होऊ लागलं तर "एका वाक्यात सांगता का?" असं विचारा. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न येणारच, ओढूनताणून फायदे सांगत बसू नका.