हेरिटेज रेल्वेत काम करायचंय? बेळगाव-खानापूरच्या पोरापोरींसाठी

उद्यमबागेतल्या आमच्या शॉपमध्ये दर पावसाळ्यात दोन-चार पोरं येऊन बसतात. इंजिनिअरिंग झालेलं असतं, इंग्लंडच्या कुठल्या तरी विद्यापीठाचं एमएससीचं पत्र आलेलं असतं, सप्टेंबरात निघायचं असतं. मी लीड्सला शिकत असताना शनिवार-रविवार वाफेच्या रेल्वेत स्वयंसेवक म्हणून काम करायची, हे कुणी तरी त्यांच्या कानावर घातलेलं असतं. मग पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, इंजिन चालवायला देतात काय ओ?"

नाही देत. पहिली काही वर्षं तरी नाहीच. एक वर्षाचा कोर्स करून परत येणाऱ्याला ड्रायव्हर होणं जमत नाही, फायरमन, म्हणजे आगीत कोळसा टाकणारा, होणंसुद्धा अवघडच. तरीही जा, असंच मी सांगते. फक्त कशासाठी जायचं ते आधी नीट कळू दे.

हेरिटेज रेल्वे म्हणजे बंद पडलेली किंवा मोडीत निघालेली लाईन लोकांनी स्वतः उभी करून चालवायची. याची सुरुवात वेल्समधल्या तालीलिन रेल्वेपासून झाली. स्लेटच्या खाणीसाठी 1865 मध्ये सुरू झालेली ही अरुंद रुळांची लाईन. मालक सर हेडन जोन्स 1950 मध्ये वारले, आणि लाईन बंद पडणार हे दिसताच टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी संस्था काढली. 1951 च्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी गाडी चालवली. जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. पुढं 1960 मध्ये लीड्सची मिडलटन रेल्वे आणि ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे याच वाटेनं गेल्या. ब्रिटिश रेल्वेनं 1968 मध्ये वाफेची इंजिनं बंद केली, तेव्हा शेकडो इंजिनं भंगारात गेली. वेल्समधल्या बॅरी गावातल्या एका भंगारवाल्याच्या यार्डात मात्र ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. त्यातली 213 इंजिनं लोकांनी वर्गण्या काढून विकत घेतली. आज ब्रिटनमध्ये अशा दीडशेच्या आसपास लाईनी आहेत.

आपल्याकडं मिरज-बेळगाव-लोंढा मीटर गेज 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाली. ती व्हायलाच हवी होती. गाड्या वाढल्या, सामान बदलून चढवायची कटकट गेली. पण मीटर गेजवरची वायपी, वायजी जातीची वाफेची इंजिनं नंतर कुठं गेली, हे विचारायचं त्या वेळी आपल्यातल्या कुणाला सुचलं नाही. लोंढ्याच्या शेडचे जुने फोटो बघून हळहळणारी माणसं आता भरपूर भेटतात.

असो. कामाकडं येते.

तिथं शेडमध्ये दाखल झालं की तुम्ही क्लीनर. पुढच्या पायऱ्या म्हणजे पास्ड क्लीनर, फायरमन, पास्ड फायरमन, ड्रायव्हर. पास्ड म्हणजे वरच्या कामाची परीक्षा पास झालेला. प्रत्येक पायरीला परीक्षा, आणि वैद्यकीय तपासणी वेगळी. रंग ओळखण्यात दोष असेल तर फूटप्लेटचं, म्हणजे इंजिनावर ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात त्या जागेचं, दार बंद, मग तुम्ही कितीही हुशार असा. क्लीनर म्हणजे नुसतं पितळ घासणारा, असा गैरसमज नको. इंजिनाखाली शिरून तेलकट चिखल पुसताना तडा गेलेली स्प्रिंग किंवा निखळलेली स्प्लिट पिन आधी क्लीनरलाच दिसते. म्हणून तर नव्या माणसाला तिथं लावतात. पुसता पुसता कुठला भाग कुठं आहे हे हातालाच पाठ होतं.

सकाळची गाडी साडेदहाची असली तर शेडमध्ये पाच-साडेपाचला हजर व्हायचं. आधी सही करायची, नोटीस बोर्ड वाचायचा. रुळांवर कुठं काम चालू आहे, कुठं वेग कमी ठेवायचा हे सगळं तिथं लिहिलेलं असतं आणि ते वाचल्याची वेगळी सही असते. मग फूटप्लेटवर चढायचं, आणि कशालाही हात लावायच्या आधी बॉयलरमधलं पाणी बघायचं. काचेच्या दोन नळ्या असतात. दोन्हींचे कॉक उघडून-मिटून पाणी खरंच खाली-वर होतंय ना हे तपासायचं. नळी तुंबली असेल तर ती खोटं बोलते. फायरबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरमधल्या आगीच्या पेटीच्या, छतावर पाणी नसलं तर ते छत तापून मऊ पडतं, आणि पुढं काय होतं ते सांगायला नको. त्या छतात शिशाचे प्लग बसवलेले असतात. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर फुसकारते. हा शेवटचा इशारा. कामावर असलेल्या माणसानं तो ऐकायची पाळी येऊ द्यायची नाही.

त्यानंतर कालची राख. चिमणीखालच्या स्मोकबॉक्सचं दार उघडून फावड्यानं राख काढायची, शेगडीवरचे क्लिंकर, म्हणजे जळून घट्ट झालेले राखेचे गठ्ठे, फोडायचे, खाली शिरून राखेचा ॲशपॅन रिकामा करायचा. नाका-तोंडात राख जाते, मास्क लावूनसुद्धा. मग लाकडं, तेलाच्या चिंध्या, वर थोडा कोळसा. आग पेटवायची घाई चालत नाही. फायरबॉक्स तांब्याचा, बाहेरचं कवच पोलादाचं. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. गार बॉयलर जोरात तापवला की नळ्यांच्या तोंडाशी गळती सुरू होते. मोठ्या इंजिनात म्हणून आदल्या दिवशीच बारीक आग घालून ठेवतात. प्रेशर चढेपर्यंत ड्रायव्हर तेलाचा डबा घेऊन इंजिनाभोवती फिरत असतो आणि एकेका तेलकुपीचं बूच काढून ती भरतो.

पुढं कधी तरी, शिकणारा म्हणून, मला फावडं मिळालं. कोळसा टाकण्यात ताकदीपेक्षा नेम लागतो. थोडा थोडा, पुन्हा पुन्हा, आणि मागच्या दोन कोपऱ्यांत आधी. एकदम भरला तर चिमणीतून काळा धूर, प्रेशर खाली, आणि चढ समोर. उलट स्टेशनात उभं असताना प्रेशर जास्त होऊन सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ उडाली की प्रवासी टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. फायरमनला मात्र ते लाजिरवाणं वाटतं, कारण पैसे देऊन घेतलेला कोळसा नि पाणी आकाशात चाललेलं असतं. आणि कोळसा आता महाग. वेल्समधली फोस-इ-फ्रान खाण 2023 च्या नोव्हेंबरात बंद झाली, तेव्हापासून परदेशी कोळशावर भिस्त वाढली. प्रत्येक इंजिनाला कुठला कोळसा मानवतो यावर शेडमध्ये जी भांडणं होतात, ती आपल्या सीमाप्रश्नावरच्या भांडणांइतकीच जुनी वाटावीत अशी.

पण मला शेडनं सांभाळून घेतलं ते फावड्यामुळं नाही. तिथल्या वर्कशॉपमध्ये ब्रेक-ब्लॉक संपत आले होते आणि ड्रॉइंग सापडत नव्हतं. एक आजोबा म्हणाले, जुनाच ब्लॉक वाळूत दाबून साचा करू. आमच्या घरात पॅटर्नचं, म्हणजे वाळूत साचा उठवायच्या लाकडी नमुन्याचं, काम मी लहानपणापासून बघितलेलं. बीड गार होताना आकसतं, फुटामागे साधारण 1/8 इंच. जुन्या वस्तूवरून सरळ साचा काढला तर नवीन वस्तू लहान येणार. त्यात जुना ब्लॉक झिजलेला. आकसण्याचं माप धरून, झीज भरून काढून लाकडी पॅटर्न करावा लागतो. हे मी सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात मला रंधा, लाकूड आणि एक कोपरा मिळाला. तिथून माझी खरी ओळख झाली.

उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्रीत ज्यांचे बाप-काका राबले त्यांनी एवढं ध्यानात ठेवा. तिथं सॉफ्टवेअर येणारे, ॲनिमेशन येणारे खूप येतात. मोल्डिंग, टर्निंग, वेल्डिंग, व्हाइट मेटलची बेअरिंग भरणं जाणणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. शिवाय जुनं सगळं इंचात. बोल्ट व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, आटे 55 अंशांचे, मेट्रिक पाना बसत नाही. "पाच सूत" ऐकून ज्याच्या हाताला आपोआप पाना सापडतो, असा पोरगा तिथं फार कामाचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे लेथवर वाढलेल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. अर्जात पदवीचं नाव एका ओळीत संपवा आणि हातानं काय काय केलंय ते नीट लिहा.

ज्यांना मशीनचा गंध नाही त्यांनी रुळांच्या टोळीत जावं. गाड्या मुख्यतः ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत. हिवाळ्यात गाड्या जवळजवळ बंद आणि खरं बांधकाम सुरू. स्लीपर बदलणं, खडी ठोकणं, रूळ जोडणाऱ्या फिशप्लेट काढून तेल-ग्रीस लावणं, नाले उपसणं. थंडी म्हणजे काय ते खानापूरच्या डिसेंबरवरून कळायचं नाही. पण या टोळीत नव्या माणसाची सगळ्यात लवकर मैत्री होते, आणि भाषेची भीती तिथंच जाते. यॉर्कशायरचं इंग्रजी पहिल्या दिवशी कळत नाही. कळत नसेल तर पुन्हा विचारायचं, मान डोलवायची नाही. रुळांवर "हो हो" म्हणण्याची आपली सवय जिवावर बेतू शकते.

सिग्नल केबिन ही शांत डोक्याच्या माणसांची जागा. एकेरी लाईनवर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून टोकन, ते हातात असल्याशिवाय ड्रायव्हरनं पुढं जायचं नाही. दोन्ही टोकांची यंत्रं तारेनं जोडलेली. एकातून टोकन निघालं की ते परत जागेवर जाईपर्यंत दुसरं निघतच नाही. आमच्या शेजारी लोंढ्याला नोकरी केलेले एक काका आहेत. त्यांना मी हे फोनवर रंगवून सांगायला लागले तर म्हणाले, "अगं, आमच्याकडं गोळा होता की!" आपल्याकडच्या नील्स यंत्रात लोखंडी गोळा असायचा, त्यावर स्टेशनांची नावं कोरलेली, तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कडीसकट धावत्या गाडीला द्यायचे. पद्धत तीच. तुमच्या घरात, वाड्यात असा निवृत्त गार्ड, पॉइंट्समन, गँगमन असेल तर जायच्या आधी त्याच्याजवळ एक दुपार बसा. तिथल्या रूलबुकातल्या निम्म्या गोष्टी ओळखीच्या वाटतील.

चहाची खोली आणि तिकीट खिडकी यांना नाकं मुरडू नका. एका इंजिनाच्या मोठ्या ओव्हरहॉलला काही लाख पौंड लागतात, आणि ते साधारण दहा वर्षांनी पुन्हा करावं लागतं. नुसत्या तिकिटांवर ते कुठलं भागतंय! केक, चहा, नाताळातल्या सांताच्या गाड्या, सभासदांच्या देणग्या यांच्यावर बॉयलर उभा असतो. तिथल्या मावश्यांशी नीट वागलात तर पावसात भिजून आल्यावर गरम सूपही मिळतं.

मुली विचारतात, आम्हाला झेपेल काय? झेपतं. मला एकदोन म्हाताऱ्यांनी सुरुवातीला "पोरी, तू राहू दे" केलं, पण वेळेवर येणाऱ्याला पुढं कुणी काही बोलत नाही. रोस्टरवर नाव लिहून न येणं, हाच तिथला खरा गुन्हा. फायरमन आला नाही तर गाडी रद्द होते, आणि लांबून आलेली कुटुंबं फलाटावर उभी असतात. महिन्यातून दोनच दिवस देता येत असतील तर दोनच सांगा आणि ते पाळा. उत्साहात दर रविवार कबूल करून परीक्षेच्या महिन्यात गायब होणारे विद्यार्थी त्यांनी भरपूर बघितलेत.

व्हिसाचं मात्र आधी तपासा. पदवी स्तराच्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी व्हिसावर गेलात तर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची कामाची मर्यादा असते. करार नाही, मोबदला नाही, असं खरं स्वयंसेवकाचं काम तिच्यात धरत नाहीत. पण नोकरीसारखंच पण बिनपगारी काम धरतात. कुठलं काम कशात बसतं हे तुमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मेल करून लेखी विचारून घ्या. मित्रानं सांगितलं, चालतं म्हणे, यावर जाऊ नका.

ज्यांना जायचं नाही किंवा जमणार नाही, त्यांनी हुबळीचं रेल्वे म्युझियम तरी बघावं. 2020 पासून ते स्टेशनाला लागूनच आहे. चालू वाफेचं इंजिन बघायचं तर निलगिरी किंवा दार्जिलिंगला जा. तिथं काम रेल्वेचे कर्मचारी करतात, स्वयंसेवकाला जागा नाही, पण निलगिरीच्या दातेरी रुळांवर इंजिन चढताना बघणं ही शिकवणीच आहे. लोंढा-कॅसलरॉकच्या घाटात रुळांवरून चालत दूधसागरला जाणं याला मात्र रेल्वेप्रेम म्हणू नका. तो गुन्हा आहे, आणि कुठल्याही हेरिटेज लाईनवर पहिल्याच दिवशीच्या सुरक्षेच्या पाठात तुम्हाला नेमकं हेच सांगतील की परवानगीशिवाय रुळांत पाय टाकायचा नाही.

शेवटी सामानाचं. बॉयलर सूट, म्हणजे कामाचा अंगभर पोशाख, सुती घ्या. पॉलिस्टर ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतं. स्टीलच्या टोकाचे घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि चामडी हातमोजे इथून नेले तरी चालतील, भगवं जॅकेट तिथं देतात. पोचल्यावर खोली, बँक, बसपास झालं की ऑक्टोबरातच अर्ज करा. आधी संस्थेचं सभासद व्हावं लागतं, बहुतेक ठिकाणी विम्याची सोय त्यातूनच होते. हिवाळ्याच्या कामासाठी तेव्हा माणसं हवीच असतात. उन्हाळ्यात विचाराल तर सगळ्या गर्दीसोबत रांगेत उभं राहाल.

आणि पॅटर्नसाठी कुणाला आकसण्याची मोजपट्टी, म्हणजे आकसणं धरूनच आखलेली पट्टी, हवी असेल तर शॉपवर या. बिडाच्या मापाची जुनी पट्टी आमच्याकडं जास्तीची आहे. रविवारी शॉप बंद असतं.