दांडिया बाजारातलं जड प्रोग

आमचं पहिलं गाणं अठरा मिनिटांचं होतं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली आहे, तिथे पाच महिने खपून ते बसवलं. पहिली नऊ मिनिटं येस आणि जेनेसिस या जुन्या प्रोग बँडच्या वळणाची होती (प्रोग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक, वळणं घेणारं रॉक): बारा तारांची गिटार, कीबोर्डवर मेलोट्रॉन या जुन्या टेपवाल्या वाद्याचा आवाज, सात-सात मात्रांचे तुकडे. मग एक मोठा थांबा, आणि उरलेली नऊ मिनिटं नुसता जड मेटलचा धुमाकूळ. एका कॉलेजच्या स्पर्धेत साउंडचेक धरून वीस मिनिटं मिळाली. आठ साउंडचेकमध्येच गेली, आणि धुमाकूळ जेमतेम सुरू झाला तोच आयोजकांनी माइक बंद केले. आम्ही महिनाभर त्यांना शिव्या घातल्या.

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते दाखवलं खालच्या मजल्यावरच्या तबल्याच्या काकांनी. पाच महिने त्यांच्या डोक्यावर आमची तालीम चालली होती, त्यामुळे गाणं त्यांना आमच्याइतकंच पाठ होतं. एकदा चहाचा कप हातात घेऊन वर आले आणि म्हणाले, "दोन्ही भाग ठीक आहेत रे. पण पहिल्या भागातलं कुणी ओळखीचं दुसऱ्यात भेटतच नाही."

विलंबित ख्यालातून द्रुतात जाताना लय बदलते, बंदिश बदलते, पण राग तोच राहतो. आम्ही लयीबरोबर रागही बदलला होता आणि त्याला फ्यूजन म्हणत होतो. त्यानंतर मी किंग क्रिम्झन या प्रोग बँडचं 1974 सालचं 'स्टारलेस' पुन्हा ऐकलं, या वेळी वही घेऊन. सुमारे बारा मिनिटांचं गाणं. सुरुवातीला संथ, उदास चाल. मग बास गिटार तेरा मात्रांचं एक आवर्तन धरतो आणि त्यावर गिटार एकेक स्वर कितीतरी वेळ नुसता ठोकत राहते. ताण इतका वाढतो की आता काहीतरी फुटणार असं वाटतं, आणि फुटतंही. पण शेवटी परत येते ती सुरुवातीचीच चाल, फक्त या वेळी सगळं वाद्यवृंदाचं वजन घेऊन. जड आणि हळवं एकत्र कसं नांदतं, हे शिकायला मला अजून याहून चांगला धडा सापडलेला नाही.

म्हणून नव्या मुलांना मी आधी एकच काम देतो: चार-पाच स्वरांचा एक तुकडा घ्या. तो स्वच्छ गिटारवर सुटा-सुटा वाजवा. मग तोच तुकडा खालच्या सप्तकात, तळहाताने तारा दाबून, ठाय लयीत. मग दुगुनीत. तो प्रत्येक वेळी ओळखू आला तर गाणं उभं राहतं. नाही आला, तर तुकडा बदला. नवं पेडल (गिटारचा आवाज बदलणारी पायाखालची डबी) घेऊन काही होणार नाही.

आता पेडलचा विषय निघालाच आहे, तर गेनचं, म्हणजे आवाज किती फाडायचा हे ठरवणाऱ्या बटणाचं बोलतो, कारण निम्मी गाणी तिथेच मरतात. जुन्या प्रोगमधले कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर, भरगच्च असतात, आणि आजच्या जड आवाजात डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, भरपूर. दोन्ही एकत्र केले की चिखल होतो. कारण साधं आहे. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकदम गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे आणखी स्वर तयार होतात. 110 हर्ट्झचा ए हा स्वर आणि त्याचा पंचम, साधारण 165, एकत्र वाजवा; वजाबाकी 55, म्हणजे खालच्या सप्तकातला तोच ए. घरचाच माणूस. म्हणून पॉवर कॉर्ड, म्हणजे नुसता षड्ज-पंचम, कितीही गेनवर खणखणीत वाजतो. पंचमाऐवजी गिटारवरचा शुद्ध गंधार घ्या, 138.6. वजाबाकी 28.6, आणि आणखी एक सप्तक खालचा ए मात्र 27.5 वर. थोडक्यात हुकलं, आणि ते हुकणंच घरघर बनून ऐकू येतं. चार स्वरांचा कॉर्ड घेतला तर अशा सहा जोड्या एकमेकांशी भांडतात.

त्यावर आम्ही काढलेला तोडगा असा: कॉर्ड एकट्या गिटारवर टाकायचाच नाही. षड्ज बासकडे, षड्ज-पंचम गिटारकडे, गंधार आणि निषाद कीबोर्डकडे, तेही एक सप्तक वर. आणि गेन, तुम्हाला घरी एकट्याने वाजवताना आवडतो त्याच्या निम्मा. खोलीत कमी वाटेल. पण दोन्ही कानांना एकेक गिटार वेगळी वाजवून रेकॉर्ड केली की तोच आवाज भिंतीसारखा उभा राहतो. हे पटायला मला दोन वर्षं लागली, आमच्या कीबोर्डवाल्याला दोन मिनिटं, कारण एरवी त्याचा आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता.

तालाच्या बाबतीत आपली मुलं नशीबवान आहेत. पिंक फ्लॉइडच्या 'मनी' या गाण्याच्या सात मात्रा काकांनी पहिल्याच आवर्तनात टाळीवर धरल्या आणि विचारलं, "रूपक आहे, पण समेवर खाली का देत नाहीत?" (रूपकात पहिल्या मात्रेला टाळी नसते, खाली असते.) गिटारच्या सोलोला तेच गाणं सरळ चारात जातं, हे त्यांना फार आवडलं, वाजवणाऱ्याला मोकळं सोडायचं तर ठेका सोपा हवा, म्हणाले. मेशुगासारख्या मेटल बँडचंही तसंच. गिटार आणि बेस ड्रम वाकड्या मात्रांची गणितं करत असतात, पण वर झांज बहुतेक वेळा शांतपणे चार मोजत असते. ठेका सरळ, लयकारी वर. हे कळलं की मोजताना घाम फुटत नाही. आमचा ड्रमर तर गरब्याच्या हींच तालावर वाढलेला. सहा मात्रा तीन-तीनही आणि दोन-दोन-दोनही, हे त्याच्या पायातच आहे.

गरब्यावरून पैशाचं. या संगीतावर बडोद्यात पोट भरत नाही, हे घरच्यांनी सांगण्याआधी मीच सांगतो. आमच्यातले दोघं नवरात्रात नऊ रात्री ऑक्टापॅड आणि कीबोर्ड वाजवतात. वर्षभराच्या तारा, केबल आणि रेकॉर्डिंगचा खर्च त्यातून निघतो. मी शाळकरी मुलांना गिटार शिकवतो. यात कमीपणा काही नाही. नऊ रात्री तासन्‌तास न चुकता वाजवणारा माणूस सात मिनिटांच्या गाण्यात ढेपाळत नाही.

सात किंवा आठ तारांची गिटार घ्यायची घाई नको. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार एक स्वर उतरवून डीवर आणा (याला ड्रॉप डी म्हणतात), त्यात निम्मं जग वाजवता येतं. त्याहून खाली गेलात तर जाड तारा लागतील, नाहीतर सूर लोंबकळतो.

ऐकायचं म्हणाल, तर ओपेथ या बँडचा 2001 चा अल्बम 'ब्लॅकवॉटर पार्क', आणि त्याचा सहनिर्माता स्टीव्हन विल्सन याच्या पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा 2002 चा 'इन ॲब्सेन्शिया' लागोपाठ ऐका. एकाच शिवणीच्या दोन बाजू दिसतील. टूलचा 'लॅटरलस', मास्टोडनचा 2009 चा 'क्रॅक द स्काय', आपल्याकडचे स्कायहार्बर. ड्रीम थिएटर मुद्दाम शेवटी ठेवा. थोर आहेत, पण त्यांच्या वेगामागे धावण्यात मी एक अख्खं वर्ष घालवलं आणि त्या वर्षात स्वतःचा एकही तुकडा सुचला नाही.

सध्याचं गाणं सात मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. मधली शिवण अजून उसवते. गंधार मी सोडायचा की कीबोर्डवाल्याने धरायचा, यावर गेल्या रविवारी पुन्हा वाजलं. या रविवारी परत बसतोय. काकांची दुपारची झोप चारला संपते, त्याआधी ॲम्प लावायचा नाही.