घरी क्लच ॲडजस्ट केला आणि गाडी ओढेना

गाडी शंभर सीसीची. गिअर कडक पडायला लागले, सिग्नलला न्यूट्रल सापडेना, म्हणून रविवारी घरीच क्लचची वायर ताणली आणि गल्लीत चक्कर मारली. गिअर लोण्यासारखे पडत होते. दुसऱ्या दिवशी बायकोला मागे बसवून सासवडला निघालो. दिवे घाटात इंजिन ओरडतंय, गाडी रांगतेय आणि जळका वास.

मी फसलो ते इथे, म्हणून नीट वाचा. क्लचचा लिव्हर सोडलेला असताना वायर किंचित सैल असलीच पाहिजे. लिव्हर एका बोटाने हलकेच ओढा. हाताला जड लागेपर्यंत त्याचं टोक 10 ते 20 मिमी सरकायला हवं. शंभर सीसीच्या गाड्यांना साधारण एवढाच प्ले, म्हणजे सैलपणा लागतो, तरी आपल्या गाडीची पुस्तिका बघा. प्ले संपला की वायर क्लच कायम थोडा ओढून धरते, क्लचमधल्या स्प्रिंगांचा पूर्ण जोर त्याच्या प्लेटांवर बसत नाही. म्हणजे लिव्हर अर्धवट दाबून गाडी चालवल्यासारखंच. गंमत अशी की सपाट रस्त्यावर, एकटे असताना हे कळतच नाही. उलट गिअर सुरेख पडतात आणि वाटतं, काम झालं. लोड आला की प्लेटा घसरतात, तापतात, जळतात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही प्ले तपासा. वळवल्यावर वायर ताणली जात असेल तर तिचा मार्ग चुकलाय.

खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरला 40 च्या वेगाने जा आणि ॲक्सिलरेटर पिळा. आवाज चढला पण वेगाचा काटा तसाच, तर क्लच स्लिप होतोय. तिथेच थांबून वायर सैल करा, घरापर्यंत रेटू नका. मी घाट चढून गेलो आणि प्लेटा बदलाव्या लागल्या.

घाबरू नका, वेळेत ओळखलं तर बहुतेकदा ॲडजस्टरचे, म्हणजे वायर ताणायच्या स्क्रूचे दोन-चार आटे फिरवून भागतं. तो जागी धरणारा लॉकनट मात्र आठवणीने आवळा. प्ले बरोबर असूनही स्लिप होत असेल तर इंजिन ऑइल बघा. कारचं ऑइल टाकू नका. बाटलीवर जासो एमए (बाइकच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं हवं, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

‘वायर खेच, झालं’ म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकू नका. जुन्या मेकॅनिकशेजारी तासभर उभं राहिलात तर दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकाल. माझ्या मेकॅनिककाकांनी प्लेटांना हात लावायच्या आधी लिव्हरमधून वायरचं टोक काढून दाखवलं. टोकाला लिव्हरमध्ये अडकणारं बोंड असतं, त्याच्याजवळच्या निम्म्या तारा तुटल्या होत्या, उरलेल्या ताणून लांबल्या होत्या. गिअर कडक पडत होते ते त्यामुळे. मी तीच वायर आणखी ताणत बसलो होतो. तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी ते बोंड बघा.