कुत्र्यासह भाड्याचं घर शोधताना

रत्नागिरी-मालवणकडे भाड्याचं घर बघताय आणि सोबत कुत्रा आहे? मग पहिल्याच फोनवर तसं सांगून टाका. दोन-चार नकार येतील, पण सामान उतरवल्यावर दारात वाद होण्यापेक्षा ते बरं.

जमलं तर पडवीचं घर घ्या. पावसाळ्याचे चार महिने कुत्र्याला अंग सुकवायला तीच जागा. गडग्याभोवती, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाभोवती, स्वतः एक फेरी मारा. चिरे कुठे ढासळलेत का, बेड्याखालून (आवाराच्या फाटकाखालून) तो निसटेल का, ते वाकून बघा. मालकांची खरी धास्ती असते शेजारच्या कोंबड्यांची. म्हणून घर बघायला त्याला साखळीने घेऊनच जा, अंगणात दहा मिनिटं बसवा. शांत बसलेला कुत्रा पाहून आजीच आतून भाकरीचा तुकडा आणते, हे मी अनुभवलंय!

रेबीजच्या लशीचं कार्ड दाखवा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी संसर्गाची) लसही घेतलेली असू द्या. कोकणातल्या पावसात ती हवीच.

करार मात्र तोंडी नको. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. ‘पाळीव कुत्रा ठेवण्यास मालकाची संमती आहे’ हे वाक्य त्यात घालून घ्या.