गॅस बंद केला ना? रोजच्या काळज्या सोडताना या चुका टाळा

कुलूप लावून तीन जिने उतरायचे, रिक्षाला हात करायचा आणि नेमकं तेव्हाच मनात यायचं: गॅस बंद केला ना? मग परत वर. कुलूप काढून बटण बघायचं, रेग्युलेटर चाचपायचा, पुन्हा कुलूप. खाली येईस्तोवर शंका परत हजर, वर ‘कुलूप नीट लागलं का’ ही नवीन. कित्येक महिने माझं हे चाललं होतं.

आणखी एकदा बघितलं की खात्री पटेल, ही सगळ्यात चिवट चूक. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांचा २००३ सालचा प्रयोग गॅसवरच आहे. कॉम्प्युटरवरच्या शेगडीची बटणं लोकांना पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांना आठवत होतं बरोबरच, पण त्या आठवणीवरचा भरवसा उडाला होता. साहजिक आहे, तेच ते वीसदा पाहिल्यावर आत्ताचं कोणतं आणि मघाचं कोणतं?

म्हणून एकदाच बघा, पण नीट. मी खटका फिरवताना मोठ्यानं म्हणते, “मंगळवार, गॅस बंद.” पहिल्या दिवशी सासूबाईंनी आतून विचारलं, “कुणाशी बोलतेस गं?” त्यांचा तो प्रश्नही त्या मंगळवारच्या आठवणीला चिकटला, काम झालं! त्यानंतर मात्र जिन्यावरून मागे फिरायचं नाही. सुरुवातीचे तीन-चार दिवस जीव टांगणीला लागतो, तेवढा लागू द्यायचा.

दुसरी चूक आपल्याला प्रेमानं शिकवली जाते: “तू विचारच करू नकोस.” औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही अट आपल्याकडच्या गोष्टीत कुणाला पाळता आली? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगात माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं, ‘त्याचा विचार करू नका’ म्हणून सांगितलं, निकाल तोच. त्यापेक्षा काळजीला वेळ नेमून द्या. मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास काळजीच करायची. दिवसभरात काही डोकावलं तर ‘साडेसहाला बघू’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं.

हे करूनही जमत नसेल, तर वेळ कोणती निवडलीत ते तपासा. रात्री साडेदहाला, तेही अंथरुणात? मग झोप उडणारच. संध्याकाळ घ्या, गॅलरीतली खुर्ची घ्या. साडेसहा वाजता काहीच आठवलं नाही तर मुद्दाम उकरून काढू नका, भाजी निवडायला घ्या.

काळज्या लिहून काढा, हा सल्लाही बरेचदा फसतो, कारण आपण लिहितो ‘आईचा गुडघा’. ही नुसती काळजीच, आता शाईत. ‘गुरुवारी दहा वाजता हाडांच्या डॉक्टरांकडे फोन, जुना एक्स-रे कपाटातून काढणे’ असं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ जणांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे, पण वही-पेनाला खर्च तो काय?

संध्याकाळी उशिराचा चहा-कॉफी मात्र मोजा. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, आणि धडधडत्या छातीला काळजीचं निमित्त लगेच सापडतं.

यातलं काहीच लागू पडत नसेल, तपासण्यातच तासन्तास जात असतील किंवा झोप आणि भूक बिघडली असेल, तर घरच्या घरी उपाय करत बसू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट, चोवीस तास चालू, आणि मराठीतूनही बोलता येतं.