सर्व्हर सिंगल-युजर मोडमध्ये थांबल्यास काय करावे

कापसाच्या जिनिंगच्या ऐन हंगामात वीज जाते, उन्हाळ्याच्या उष्णतेने खालावलेली यूपीएसची बॅटरी भार पेलत नाही आणि वीज परतल्यावर काटापट्ट्यांची (वजनाच्या पावत्यांची) नोंद ठेवणारा, फ्रीबीएसडी या युनिक्स-वळणाच्या प्रणालीवर चालणारा सर्व्हर लॉगिनऐवजी शेलचा (आज्ञा टंकण्याच्या प्रोग्रामचा) मार्ग विचारत थांबतो. यालाच सिंगल-युजर मोड, म्हणजे केवळ दुरुस्तीपुरती अर्धवट सुरू झालेली स्थिती म्हणतात. यवतमाळ-वर्ध्याकडील जिनिंगमध्ये हा प्रसंग येऊ शकतो. शेतकऱ्यांचे चुकारे याच नोंदींवर ठरतात, म्हणून येथे घाई करू नये.

प्रथम पडद्यावरील शेवटच्या ओळींचा मोबाइलवर फोटो घ्यावा. ‘अनएक्सपेक्टेड इनकन्सिस्टन्सी’ असे दिसल्यास फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवरील फाइलींच्या मांडणीत, विसंगती आहे. डिस्क वाचताना त्रुटी किंवा ‘टाइमआउट’ दिसल्यास डिस्क अथवा केबलचा संशय घ्यावा. या दुसऱ्या स्थितीत दुरुस्तीची आज्ञा मुळीच देऊ नये, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर लिहिल्याने उरलासुरला मजकूरही जाऊ शकतो. केबल नीट बसवून पाहावी, आणि तरीही त्रुटी आल्यास डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून पुढचे काम त्या प्रतीवरच करावे.

डिस्क ठीक असल्यास एंटर दाबून शेलमध्ये जावे. या वेळी रूट (मुख्य) फाइल सिस्टिम केवळ वाचण्यापुरती जोडलेली असते आणि तपासणीसाठी तेच सोयीचे आहे. आधी फाइल सिस्टिम तपासणारी ‘एफएससीके -एन’ ही आज्ञा चालवावी. ते काहीही न बदलता दोष दाखवते. दोष मोजके असल्यास पर्यायाविना ‘एफएससीके’ चालवून प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर द्यावे. जर्नल (अलीकडील बदलांची नोंद) वापरायचे का, या प्रश्नास नकार द्यावा, म्हणजे पूर्ण तपासणी होते. सर्व प्रश्नांना सरसकट होकार देणारा ‘-वाय’ पर्याय डिस्कची प्रत हाताशी असल्याशिवाय वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. एकही दोष निघेनासा होईपर्यंत तपासणी पुन्हा करावी.

कधी डिस्क निर्दोष असते आणि चूक एखाद्या फाइलमध्ये असते: आरसी-कॉन्फ या सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये न मिटलेले अवतरणचिन्ह, किंवा काढून नेलेल्या बॅकअप डिस्कची एफएसटॅब या जोडायच्या डिस्कच्या यादीत राहिलेली ओळ. ‘माउंट -यू /’ आणि मग ‘माउंट -ए -टी यूएफएस’ देऊन फाइल सिस्टिम लिहिण्याजोग्या कराव्यात आणि मग ती चूक दुरुस्त करावी. बॅकअप डिस्कच्या ओळीत ‘फेलओके’ लिहिल्यास ती नसतानाही सर्व्हर सुरू होतो.

‘एक्झिट’ दिल्यावर सर्व्हर नेहमीप्रमाणे सुरू होतो. ‘लॉस्ट+फाउंड’ या फोल्डरमध्ये तपासणीत सुट्या सापडलेल्या फाइल आहेत का ते पाहावे, आणि शेवटच्या काटापट्ट्या कागदी प्रतींशी जुळल्यानंतरच चुकारे सुरू करावेत.