स्पिंडलवर फीडर बसवताय? मग खिशात सूतपट्टी ठेवा

आमच्या वर्कशॉपमध्ये स्पिंडलवर (उभ्या फिरत्या कटरनं लाकडाच्या कडेला नक्षी काढणारं मशीन) पहिल्यांदा फीडर (मोटरच्या रबरी चाकांनी लाकूड आपोआप पुढे सरकवणारं यंत्र) लावला तेव्हा जुन्या मिस्त्रीकाकांनी दोन दिवस त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "दादा, काढून ठेव ते धूड, पट्टी अडकतीय त्यात, हातानं लवकर होतंय." आणि खरंच अडकत होती. पण चूक फीडरची नव्हती, मी तो अंदाजपंचे बसवला होता. म्हणून हे लिहितोय, कारण फीडर घेऊन कोपऱ्यात धूळ खात ठेवलेले बरेच जण बघितलेत.

आधी फीडर कशाला पाहिजे ते बघू. वेळ वाचतो, हात कटरपासून लांब राहतो हे आहेच, पण मला पटलं ते वेगळ्या कारणानं. सागवानाची आठ फुटी बीडिंग पट्टी (कडेला लावायची नक्षीची बारीक पट्टी) हातानं काढून बघा, दर दोन-अडीच फुटांवर एक काळसर डाग दिसेल. तो डाग म्हणजे आपण जिथं हात बदलायला थांबलो ती जागा. आपण अर्धा सेकंद थांबतो पण कटर थांबत नाही ना, तो तिथंच घासत बसतो आणि लाकूड जळतं. मग तो डाग पॉलिश पेपरनं काढायचा, त्यात पट्टीची नक्षी बोथट होते, असं सगळं वाढत जातं. फीडर थांबत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

आता बसवायचं कसं. एक एचपीचा फीडर स्टँडसकट पन्नास-साठ किलोच्या घरात जातो आणि तो आडव्या आर्मला लटकतो, त्यामुळे टेबलाला नुसते दोन स्क्रू मारून भागत नाही. बिडाच्या टेबलाला ड्रिल मारून टॅप करा (भोकात आटे पाडा), आणि टेबल पातळ असेल तर आरपार बोल्ट टाकून खालून जाड लोखंडी पट्टी द्या. ड्रिल मारायच्या आधी खाली वाकून बघा, खालची रिब (टेबलाखालची आधाराची पट्टी) किंवा स्पिंडलच्या उचलण्याचा स्क्रू मध्ये येत नाही ना. आर्म पूर्ण फिरवून, लांब करून, आखडून बघा आणि मगच भोकाची जागा पक्की करा, कारण बिडाला पडलेलं भोक परत बुजत नाही.

चाकं कुठं यायला पाहिजेत? स्पिंडलवर आपण लाकूड उजवीकडून डावीकडे देतो. तीन चाकांचा फीडर असेल तर मी एक चाक कटरच्या आधी आणि दोन नंतर ठेवतो, म्हणजे पट्टीची शेपटी कटरवरून जाताना तिला ओढणारं कोणीतरी असतं. ढकलणारं चाक सुटलं आणि ओढणारं अजून लागलं नाही अशी मधली अवस्था आली की पट्टी कटरसमोरच उभी राहते आणि तिथंच डाग पडतो. म्हणूनच चाकांमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा फीडरमधून घालायचाच नाही. आखूड माल पाहिजे असेल तर लांब पट्टी काढा आणि नंतर कापा.

आता मुख्य गोष्ट, दाब. आमच्याकडे सगळं चुकलं होतं ते इथंच. फीडरची चाकं स्प्रिंगवर असतात, वरून किती दाबायचं ते आपण उंचीनं ठरवतो. पद्धत अशी, जी पट्टी काढायची तिचाच तुकडा टेबलावर ठेवा, फीडर खाली घ्या, चाक तुकड्याला नुसतं टेकलं की थांबा. तुकडा बाहेर काढा आणि फीडर अजून एक सूत खाली घ्या. एक सूत म्हणजे तीन एमएमच्या आसपास, बस्स. मी पहिल्या वेळी जास्त दाब म्हणजे जास्त पकड असं समजून चांगला चार-पाच सूत खाली घेतला होता, मग काय होणार, पट्टी चाकाच्या आधीच ठोकर खाऊन थांबायची, बारीक पट्टी मध्येच कमान व्हायची आणि मोटर कण्हायची. काकांना तेच दिसत होतं. उलट दाब कमी पडला तर चाक जागेवरच घसरतं, लाकडावर रबराचा काळा पट्टा उमटतो. जळल्याचा डाग कटरच्या बाजूला असतो आणि रबराचा वरच्या तोंडाला, एवढं बघितलं तरी दोष कशात आहे ते कळतं. आणि माल सगळा एका जाडीचा पाहिजे, आधी थिकनेसरमधून (जाडी एकसारखी करणारं रंध्याचं मशीन) काढून घ्या. एक पट्टी २० एमएम आणि दुसरी २३, मग एक सूत दाब कुठून राहणार.

दुसरी गोष्ट तिरकेपणा. फीडर फेन्सला (पट्टी जिला टेकून सरकते ती उभी कड) अगदी समांतर लावला तर पट्टी हळूहळू फेन्सपासून सुटते आणि नक्षी कमी-जास्त खोल येते. म्हणून डावीकडची, म्हणजे माल बाहेर पडतो ती बाजू फेन्सच्या जरा जवळ घ्यायची, उजवीकडच्या टोकापेक्षा एक ते दीड सूत. मग चाकं पट्टीला पुढे नेता नेता फेन्सकडे पण रेटतात. सूतपट्टीनं (सुताच्या खुणा असलेली मोजपट्टी) दोन्ही टोकं मोजा, नजरेवर जाऊ नका. सगळे हँडल आवळल्यावर परत एकदा मोजा, कारण आवळताना आर्म थोडा सरकतोच, माझा तरी दरवेळी सरकतो.

स्पीड किती ठेवायचा ह्यावर भांडणं होतात पण हिशोब सोपा आहे. एका मिनिटात किती एमएम लाकूड गेलं त्याला कटरच्या आरपीएमनं (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) भागायचं. कटरला दोन पाती असली तरी शेवटचं फिनिश बहुतेक एकच पातं देतं, दुसरं केसभर आत राहतंच, म्हणून एकच धरा. ६००० आरपीएमला मिनिटाला १२ मीटर दिलं तर दर २ एमएमला एक काप पडतो, हात फिरवला तर लाटा जाणवतात. ९ मीटरला दीड एमएम, हे चौकटीच्या कामाला चांगलं. ६ मीटरला एक एमएम, सागवानाची रेषा उलटसुलट असेल किंवा गाठ असेल तर हे बरं. पण म्हणून सगळंच सावकाश चालवू नका, फार हळू गेलं की पातं कापायच्या ऐवजी घासतं, तापतं, धार लवकर जाते. खाली काय पडतंय ते चिमटीत घेऊन बघा, बारीक ढलप्या पडत असतील तर ठीक, पिठासारखा भुसा पडत असेल तर स्पीड वाढवा नाहीतर पात्याला धार लावा.

इलेक्ट्रिकचं काम स्वतः करू नका, वायरमनकडून करून घ्या, पण त्याच्याकडून एक गोष्ट हट्टानं करून घ्या. स्पिंडलच्या कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणारा स्विच) ऑक्झिलरी एनओ पॉइंट (मोटर चालू झाली की जुळणारा जादा पॉइंट) फीडरच्या कॉन्टॅक्टर कॉइलच्या सिरीजमध्ये घ्यायला सांगा. म्हणजे स्पिंडल चालू असेल तरच फीडर चालेल आणि स्पिंडल ट्रिप झाला की फीडर पण थांबेल. हे केलं नाही तर फीडर थांबलेल्या कटरवर लाकूड रेटत राहतो, मग पातं तुटतं नाहीतर लाकूड फुटतं. आणि थ्री फेज असेल तर दिशा. एकदा आमच्या डीपीवर रात्री काम झालं, सकाळी लाइट आली, पोरानं मशीन चालू केलं आणि पट्टी आत जायच्या ऐवजी सरळ त्याच्या पोटाकडे आली. दोन फेज अदलाबदल झालेले, फीडर उलटा आणि स्पिंडल पण उलटा. पोरगा जरा बाजूला उभा होता म्हणून वाचला. तेव्हापासून नियमच आहे, रोज सकाळी आधी सगळं रिकामं फिरवून दिशा बघायची, लाकूड नंतर. फेज उलटला की मशीन चालूच होऊ न देणारा रिले मिळतो, तो मी दुसऱ्याच दिवशी बसवला. आणि फीडर असला तरी पट्टीच्या सरळ मागे उभं राहायचं नाही, हातमोजे घालायचे नाहीत, चाकाखाली बोट न्यायचं नाही.

सर्क्युलर सॉवर (गोल ब्लेडच्या करवतीवर) हाच फीडर चालतो, फक्त चाकं ब्लेड आणि फेन्सच्या मधल्या भागावर आली पाहिजेत आणि ब्लेडला कुठंही शिवता कामा नयेत, हातानं फिरवून खात्री करा. ब्लेडमागचं रायव्हिंग नाइफ (कापलेली फट उघडी धरणारं पातं) काढू नका. फीडर आहे आता कशाला असं म्हणतात लोक, पण ओलसर लाकूड कापल्यावर मिटतंच आणि ब्लेडला मागून चावतं.

फीडरचं बजेट नसेल तर फेदरबोर्ड करा, कंगव्यासारखी कापलेली फळी. टोक तिरकं, साधारण ३० अंशात कापायचं आणि त्यात दोन-दोन सुतांवर चिरा पाडायच्या. पट्टी पुढे जाते, मागे येत नाही. पण सॉवर आडवा लावाल तो ब्लेडच्या आधीच, ब्लेडशेजारी लावला तर कापलेली फट दाबली जाते आणि किकबॅक बसतो (लाकूड उलटं आपल्याकडे फेकलं जातं). तो फक्त धरून ठेवतो, ढकलायचं काम आपलंच, शेवटच्या फुटाला पुश स्टिक घ्या.

थिकनेसरमध्ये फीड आतच असतं त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. पुढचा रोलर दातेरी, मागचा गुळगुळीत. पुढचा रोलर पात्याच्या फिरण्याच्या सर्वात खालच्या रेषेपेक्षा साधारण एक एमएम खाली, मागचा त्याहून जरा कमी. लाकूड अडखळत असेल तर रोलर खाली घ्यायच्या आधी टेबलाला पॅराफिन मेण घासून बघा, निम्म्या वेळा तेवढ्यानंच काम होतं.

देखभाल फार नाही. चाकांना राळ चिकटते, ती साबणाच्या पाण्यानं पुसा, थिनर लावू नका, रबर खराब होतं. रबर चकचकीत कडक झालं असेल तर सँडपेपरनं वरचा थर खरवडा. आणि संध्याकाळी घरी जाताना फीडर वर उचलून ठेवा. रात्रभर दाबून राहिला की रबराला चपटेपणा येतो, मग चाक फिरताना टक टक वाजतं आणि पट्टीवर ठरावीक अंतरावर ठसा उमटतो. आमच्याकडे हे उचलायचं काम आता काकाच करतात, मी विसरलो तर सकाळी मला ऐकवतात पण.